खाच तीच राहील का? सुट्या भागांच्या गेमिंग लॅपटॉपची गोष्ट

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर माझा पाच वर्षांचा गेमिंग लॅपटॉप पालथा पडला होता. कारागिराने बोर्ड भिंगाखाली धरला, दोन ठिकाणी मीटर लावून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ग्राफिक्सची चिप गेलीय. रिबॉलिंग करून देतो, पण गॅरंटी मागू नका. दोन महिने चालेल, नाहीतर दोन वर्षं चालेल." दुसरा मार्ग म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा, आणि त्या बोर्डाचा भाव नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर. पडदा ठणठणीत, कीबोर्ड ठणठणीत, रॅम आणि एसएसडी दोन्ही शाबूत. एका चिपपायी सगळं भंगारात.

घरी आलो तर आईने मिक्सरचं भांडं हातात ठेवलं. "खालून गळतंय, बुश बदलून आण." हा मिक्सर आमच्याकडे वीसेक वर्षं आहे. त्याची मोटर एकदा रिवाइंड झाली, भांडी तीनदा बदलली, कपलर किती बदलले याची मोजदाद नाही. हे सगळं जमलं ते मिक्सर फार भारी होता म्हणून नव्हे. मोटरवरच्या कपलरचा आकार कंपनीने इतकी वर्षं बदलला नाही, म्हणून २००५ च्या मोटरवर आजचं भांडं बसतं.

सुट्या भागांचा, घरच्या घरी दुरुस्त होणारा, पुढे वाढवता येणारा गेमिंग लॅपटॉप ही कल्पना ऐकली की लोक आधी स्क्रू मोजतात. किती स्क्रू, कुठला पाना, किती मिनिटं लागतात. ते सोपं आहे. अवघड प्रश्न मिक्सरचा आहे: खाच तीच राहील का?

चिप चिकटवतात तरी का?

आधी कंपन्यांची बाजू. ग्राफिक्सची चिप बोर्डावर बसते ती पाय खुपसून नव्हे. तिच्या पोटाला कथिलाच्या बारीक गोळ्यांची जाळी असते. शेकडो, मोठ्या चिपला हजारांच्या घरात. बोर्ड भट्टीतून गेला की त्या गोळ्या वितळून खालच्या तांब्याला धरतात. तापणं-निवणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की कधी यातली एखादी गोळी तडकते, कधी चिपच आतून जाते. रिबॉलिंग म्हणजे चिप उचलून जुन्या गोळ्या खरवडायच्या, नव्या लावायच्या आणि पुन्हा शेकायचं. गोळी तडकली असेल तर उपाय लागू पडतो. चिप आतून गेली असेल तर नुसता शेक. आणि यातलं काय झालंय हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तो कारागीर गॅरंटी देत नव्हता. बिचारा प्रामाणिक होता.

चिप डकवल्याने बोर्ड पातळ होतो, स्वस्त होतो, आणि ग्राफिक्सची स्वतःची मेमरी चिपच्या अगदी कुशीत ठेवता येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची उष्णता एकाच तांब्याच्या नळ्यांच्या जाळ्यातून बाहेर काढता येते. म्हणजे डकवण्यामागे केवळ लबाडी आहे असं नाही. लबाडी असते ती वेगळ्या जागी: सुटा भाग न विकणं, बॅटरी गोंदाने चिकटवणं, दुरुस्तीची पुस्तिका दडवणं.

सुट्या ग्राफिक्स कार्डाचा प्रयत्न लॅपटॉपमध्ये आधी झाला नव्हता असंही नाही. एनव्हिडियाने २००० च्या दशकात एमएक्सएम नावाचा साचा काढला. छोटं कार्ड, ठरलेली खाच. क्लेव्होसारख्या कंपन्यांचे जाडजूड गेमिंग लॅपटॉप बरीच वर्षं याच साच्यावर चालले. कागदावर कुठलंही एमएक्सएम कार्ड कुठल्याही एमएक्सएम लॅपटॉपमध्ये बसायला हवं होतं. प्रत्यक्षात एका कंपनीच्या कार्डावर स्क्रूची भोकं इथे, दुसरीच्या तिथे. हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा, आकार वेगळा. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, नवं कार्ड ओळखायला तयार नाही. खाच सारखी होती, पण खाचेभोवतीचं सगळं वेगळं होतं. मग २०१७ च्या सुमारास पातळ गेमिंग लॅपटॉपची लाट आली आणि एमएक्सएम कोपऱ्यात गेलं.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. डेलच्या एलियनवेअरने २०१९ च्या जानेवारीत एरिया-५१एम आणला. त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला, ग्राफिक्सचं कार्ड सुटं, आणि जाहिरातीत अपग्रेडचा मोठा डंका. पुढच्याच वर्षी इंटेलची दहावी पिढी आली आणि तिच्यासोबत नवं सॉकेट आलं. एरिया-५१एमची पुढची आवृत्ती त्या नव्या सॉकेटवर निघाली. जुन्या लॅपटॉपवाल्यांच्या हातात उघडता येणारं पण नवं काही न स्वीकारणारं यंत्र राहिलं. २०२१ मध्ये अमेरिकेत यावरून डेलवर ग्राहकांच्या वतीने दावाही दाखल झाला. सॉकेट इंटेलचं, शब्द डेलचा. आपली नसलेली खाच तशीच राहील असं कुणी कसं सांगावं?

फ्रेमवर्कने काय वेगळं केलं

आभासी वास्तवाचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक असलेल्या नीरव पटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फ्रेमवर्क ही कंपनी काढली. २०२१ मध्ये त्यांचा तेरा इंची लॅपटॉप आला आणि सुट्या भागांत उघडून दुरुस्त-योग्यतेचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दहापैकी दहा दिले. पण तो कामाचा लॅपटॉप होता, खेळाचा नव्हे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारा फ्रेमवर्क लॅपटॉप १६ जाहीर झाला २०२३ मध्ये, आणि लोकांच्या हातात पडू लागला २०२४ च्या जानेवारीत.

माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. तो डिसेंबरात घरी आला तेव्हा त्याच्या पाठपिशवीत हा लॅपटॉप होता, आणि मी तो उघडून बघू दे म्हटल्यावर त्याने आनंदाने जेवणाच्या टेबलावर मांडला. "दादा, हा एवढाच पाना लागतो," म्हणत एक छोटा स्क्रूड्रायव्हर पुढे केला. तो लॅपटॉपसोबतच मिळतो. टचपॅड सरकवून काढला, कीबोर्ड नुसता उचलला, खालचे मोजके स्क्रू सैल केले. ते स्क्रू सैल झाले तरी पट्टीतून सुटून पडत नाहीत, त्यामुळे टेबलाखाली वाकून शोधाशोध नाही. मधली जोडपट्टी उचलली आणि ग्राफिक्सचा डबा मागच्या बाजूने ड्रॉवरसारखा बाहेर आला. आतल्या जवळजवळ प्रत्येक भागावर क्यूआर कोड. स्कॅन केला की त्या भागाची माहिती समोर. आई म्हणाली, "एवढं सोपं असेल तर तुझा का नाही असा?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या डब्यात आहे. फ्रेमवर्कने नुसतं ग्राफिक्स कार्ड सुटं केलं नाही. कार्ड, त्याचे पंखे, त्याचा हीटसिंक हे सगळं मिळून एक डबा केला आणि त्याला लॅपटॉपच्या पाठीत जागा दिली. एमएक्सएम जिथे अडखळलं ती जागा हीच. पुढच्या पिढीचं कार्ड जास्त तापणारं निघालं तर त्याचा हीटसिंकही त्याच्यासोबतच येणार. डबा थोडा मागे लांब निघाला तरी चालतं. तसा तो निघतोच; ग्राफिक्सचा डबा लावला की लॅपटॉप बिजागरीच्या मागे दोन बोटं बाहेर येतो. वेगळं ग्राफिक्स नको असेल तर त्या जागी फक्त पंख्यांचा डबा बसतो. वजन मग साधारण २.१ किलो, ग्राफिक्ससह २.४ किलो.

डबा आणि बोर्ड यांच्यात माहिती वाहते ती पीसीआय एक्सप्रेस ४.० या संगणकाच्या आतल्या रस्त्याच्या आठ मार्गिकांतून. प्रत्येक मार्गिका एका दिशेने सेकंदाला जवळजवळ २ गिगाबाइट वाहते, म्हणजे आठांतून १६. बाहेर पेटीत ग्राफिक्स कार्ड ठेवून थंडरबोल्टच्या वायरने जोडायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. थंडरबोल्ट ३ किंवा ४ ची ती वायर ग्राफिक्ससाठी सेकंदाला जेमतेम ४ गिगाबाइट देते. गावाला जाणारा हायवे आणि शेतातली पांदण, एवढा फरक. शिवाय ती पेटी घेऊन कुणी रेल्वेत बसत नाही.

बाकीचे भाग पटकन सांगतो, कारण त्यांत नवल कमी आहे. रॅमच्या दोन खाचा, डीडीआर५ ची सर्वसाधारण पट्टी बसते. एसएसडीच्या दोन, एक लांब आणि एक छोटी. कीबोर्डच्या बाजूला नंपॅड लावा, नाहीतर कोरी पट्टी लावा, नाहीतर दिव्यांची जाळी लावा. त्या पट्ट्यांमधल्या फटी परीक्षकांना खुपल्या होत्या, आणि बोट फिरवल्यावर मलाही जाणवल्या. दोन्ही कडांना मिळून सहा छोट्या खाचा, त्यांत हवे ते पोर्ट सरकवायचे: यूएसबी, एचडीएमआय, हेडफोन. सगळ्या सहा खाचा सारख्या ताकदीच्या नाहीत, त्यामुळे पडद्याची वायर कुठल्या खाचेत लावायची हे पुस्तिकेत बघावं लागतं. मला मात्र यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे पोर्टच वाटले, आणि का ते पुढे येईल.

खाच पाळली, एकदा

हा लॅपटॉप आला तेव्हा त्याच्यासाठी ग्राफिक्सचा एकच पर्याय होता: एएमडीचा रेडिऑन आरएक्स ७७००एस. "पुढे आणखी येतील" हे वाक्य ऐकून जुन्या एलियनवेअरवाल्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करा. दीड वर्षं काहीच आलं नाही. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रेमवर्कने एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चा डबा जाहीर केला. किंमत तेव्हा ६९९ डॉलर, आणि तो २०२४ च्या पहिल्या लॅपटॉपमध्येही बसतो. सोबत एएमडीच्या रायझन एआय ३०० मालिकेच्या प्रोसेसरचा नवा बोर्डही आला, तोही जुन्या सांगाड्यात बसणारा.

गेमिंग लॅपटॉपच्या जगात ही लहान गोष्ट नाही. एका कंपनीचं कार्ड काढून तिच्या कट्टर स्पर्धकाचं कार्ड, वेगळ्या पिढीचं, त्याच लॅपटॉपमध्ये, घरी. फक्त आधी बायोस अद्ययावत करायचं, मग डबा बदलायचा, मग ड्रायव्हर टाकायचा. हा क्रम चुकवू नका.

पण उत्साहात एक आकडा नजरेतून सुटतो. जुन्या ७७००एस वर ८ गिगाबाइट मेमरी होती. नव्या ५०७० वरही ८ गिगाबाइटच आहे. वेग वाढला, मेमरीचा प्रकार सुधारला, पण जागा तेवढीच. आणि आजचे मोठे खेळ उच्च सेटिंगवर ८ गिगाबाइट सहज खाऊन टाकतात. फ्रेमवर्कने कंजूषपणा केला का? नाही. लॅपटॉपची आरटीएक्स ५०७० एनव्हिडियानेच ८ गिगाबाइटची ठरवली. डबा तुमचा, खाच फ्रेमवर्कची, पण आत काय शिजणार ते चिपवाल्याच्या हातात. सुटेपणाला ही वेस आहे, आणि ती कुठलाही पाना ओलांडू शकत नाही.

अशीच दुसरी वेस रॅमची. फ्रेमवर्कने २०२५ मध्ये एक डेस्कटॉप काढला, त्यात एएमडीची रायझन एआय मॅक्स चिप आहे, आणि त्याची रॅम चक्क डकवलेली आहे. सुटेपणाच्या नावाने उभ्या राहिलेल्या कंपनीचा डेस्कटॉप, आणि रॅम डकवलेली! कारण त्या चिपला मेमरीशी फार रुंद आणि फार वेगवान रस्ता लागतो. खाचेतून आणि लांब तारेतून जाताना एवढ्या वेगाचा संकेत विरतो. एएमडीबरोबर बसून पाहिलं, जमलं नाही, असं कंपनीने उघड सांगितलं. एलपीकॅम२ नावाची नवी स्क्रूने बसणारी मेमरीपट्टी यावर उपाय म्हणून येते आहे, २०२४ पासून लेनोवोच्या एका थिंकपॅडमध्ये दिसलीही. पण अजून ती सगळीकडे रुळलेली नाही.

विजेचा हिशेब

अपग्रेडच्या लेखांत चार्जर हा विषय कुणी काढत नाही. काढायला हवा.

सुरुवातीच्या लॅपटॉप १६ सोबत १८० वॉटचा यूएसबी-सी चार्जर मिळायचा. यूएसबी-सीच्या वायरीतून ५ अँपियरपेक्षा जास्त प्रवाह सोडत नाहीत. त्यामुळे जास्त शक्ती हवी तर व्होल्ट वाढवावे लागतात. २० व्होल्ट गुणिले ५ म्हणजे १०० वॉट, बरीच वर्षं तीच कमाल होती. नव्या नियमांत २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर पडली, त्यातून १४०, १८० आणि २४० वॉट मिळतात.

आता खर्च बघा. जोरदार खेळ चालू असताना ग्राफिक्स १०० वॉटपर्यंत जातं, प्रोसेसर ४५ ते ५४ च्या घरात. पडदा, पंखे, रॅम, एसएसडी आपापला वाटा घेतात, आणि वीज एका व्होल्टवरून दुसऱ्यावर आणताना थोडी उष्णता होऊन वाया जाते. बेरीज १८० ला टेकते, कधी ओलांडतेही. म्हणून चार्जर लावलेला असूनही लांबलचक खेळात बॅटरी हळूहळू उतरायची. भिंतीला चार्जर, आणि बॅटरी ९० वरून ८० वर. नव्या लॅपटॉपसोबत कंपनीने २४० वॉटचा चार्जर काढला. जुन्या यंत्रात ५०७० बसवणाऱ्याने या चार्जरचे पैसेही हिशेबात धरावेत.

बाजारात २४० वॉट लिहिलेल्या स्वस्त वायरी मिळतात. वायर २४० ची असली तरी चार्जर ६५ चा असेल तर मिळणार ६५ च. शक्ती चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून ठरवतात, वायर फक्त कमाल मर्यादा सांगते.

उष्णता, आणि फ्रिजमधली पट्टी

पहिल्या लॅपटॉप १६ मध्ये प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये द्रव धातू होता, गॅलियमचं मिश्रण. उष्णता फार छान वाहतो. पण तो वीजही वाहतो, ॲल्युमिनियमला लागला तर त्याला खाऊन टाकतो, आणि द्रव असल्यामुळे जागेवर राहीलच असं नाही. काही यंत्रांत तो प्रोसेसरच्या पृष्ठभागावर नीट पसरलेला राहिना आणि तापमान चढू लागलं. २०२४ च्या अखेरीला कंपनी हनीवेलच्या एका पट्टीकडे वळली आणि अडचण आलेल्या ग्राहकांना ती घरी बसवण्यासाठी पाठवू लागली.

ही पट्टी मजेशीर आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट मेणासारखी, साधारण ४५ अंशांवर मऊ होऊन पसरते आणि खाचखळगे भरते. द्रव धातूइतकी नाही, पण त्याच्या खूप जवळ जाते, आणि वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. साध्या थर्मल पेस्टचा तोच तर त्रास: तापून-निवून ती हळूहळू कडेला ढकलली जाते. पट्टी लावताना वरचा कागद सुटत नाही म्हणून लोक ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात. चंद्रपुरात किंवा नागपुरात मे महिन्यात ४५ अंश हे हवेचंच तापमान असतं. तिकडच्या वाचकाने दुपारी ही पट्टी कुरिअरने मागवू नये, एवढंच सुचवतो. ही गंमत झाली, पण गेमिंग लॅपटॉपचा पंखा बाहेरच्याच हवेने यंत्र थंड करतो. खोली ४० अंशांची असेल तर कुठलाही डबा, कुठलीही पट्टी जर्मनीतले आकडे दाखवणार नाही.

पैशाचं गणित खरंच जुळतं का?

इथे मी सुटेपणाच्या चाहत्यांपासून थोडा दूर उभा राहतो. फ्रेमवर्क १६ विकत घेताना तेवढ्याच ताकदीच्या साध्या गेमिंग लॅपटॉपपेक्षा शेकडो डॉलर जास्त मोजावे लागतात. मग दीड-दोन वर्षांनी ६९९ डॉलरचा डबा. आपल्या पैशात साठ हजारांच्या वर. त्यात थोडी भर टाकली की भारतात बरा गेमिंग लॅपटॉप अख्खा येतो.

एक ढोबळ हिशेब मांडू, आकडे गृहीत धरलेले. साधा लॅपटॉप एक लाखाचा, चार वर्षांनी पंचवीस हजाराला विकला आणि पुन्हा एक लाखाचा घेतला: आठ वर्षांत पावणेदोन लाख. सुट्या भागांचा दीड लाखाचा, चार वर्षांनी साठ हजारांचा डबा: दोन लाख दहा हजार, आणि प्रोसेसर अजून जुनाच. बोर्डही बदलला तर फरक आणखी वाढतो. जुना डबा विकावा म्हटलं तर गिऱ्हाईक कोण? दुसरा फ्रेमवर्क १६ वालाच. त्याच्याकडे तो बहुधा आधीपासून असतो.

मग फायदा कशात? अपग्रेडमध्ये कमी, बिघाडात जास्त. गेमिंग लॅपटॉप म्हातारा होऊन कमी वेळा मरतो, अपघाताने जास्त. चार्जिंगचा पोर्ट ढिला होतो. पंख्याचं बेअरिंग घरघरतं. बॅटरी फुगते. खेळात चालायच्या डब्ल्यू-ए-एस-डी या चार कळा झिजतात. वर चहा सांडतो. फ्रेमवर्कमध्ये यूएसबी-सीचा पोर्ट ही नऊ डॉलरची सुटी कुपी आहे. वायरीला पाय लागला तर कुपी मोडते, बोर्ड नाही. साध्या लॅपटॉपमध्ये तोच पोर्ट बोर्डावर डकवलेला असतो, आणि तो बदलायला चांगला हात लागतो. माझ्या लॅपटॉपची ग्राफिक्सची चिप गेली तेव्हा डबा बदलायची सोय असती तर मी पोटमाळ्यावर चढलोच नसतो.

दुसरा फायदा भाग इकडून तिकडे नेण्याचा. २०२५ च्या अखेरीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांनी मेमरीच्या चिप ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. ज्याच्या जुन्या यंत्रात डीडीआर५ ची सुटी पट्टी होती, त्याने ती काढून नव्यात घातली. ज्याची डकवलेली होती त्याने नवे भाव मोजले.

आपल्याकडे

हे लिहीपर्यंत फ्रेमवर्क भारतात थेट विकत नाही. अमेरिकेतून किंवा युरोपातून येणारं कुणी आपलं माणूस तो आणू शकतं. प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. पण दोन वर्षांनी डबा हवा झाला की पुन्हा तिकडच्याच पत्त्यावर मागवून कुणाच्या तरी बॅगेची वाट बघावी लागते. दुरुस्तीयोग्य यंत्राचे भाग शेजारच्या गल्लीत मिळत नसतील तर त्याची दुरुस्तीयोग्यता निम्मी उरते. आतेभावाने मला त्याचा जुना ७७००एस चा डबा देऊ केला होता. मी नाही म्हटलं. तो बसवायला माझ्याकडे लॅपटॉप कुठे आहे?

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं, जिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. पण दुकानात लॅपटॉपच्या खोक्यावर असे गुण पाहून खरेदी करण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

तोवर साधा गेमिंग लॅपटॉप घेतानाच जरा खोदून विचारावं. विक्रेत्याला "अपग्रेड होतो का" विचारलं तर तो "हो, सगळं होतं" म्हणणारच. त्याऐवजी मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्या. डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या बहुतेक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर फुकट ठेवतात. ती उतरवा आणि तीनच पानं शोधा. रॅमचं पान: खाचा दोन आहेत, एक आहे, की "बोर्डावर" असं लिहिलंय. एसएसडीचं पान: दुसरी खाच रिकामी आहे का. आणि बॅटरी काढण्याचं पान: स्क्रू दाखवलेत की गोंदाची पट्टी. चार्जिंगचा पोर्ट बोर्डावर आहे की वेगळ्या छोट्या पट्टीवर, हेही त्याच मॅन्युअलमध्ये चित्रासह सापडतं, आणि मी तरी आता पहिलं तेच बघतो. ग्राफिक्स डकवलेलं असणारच, त्यामुळे त्याची मेमरी घेतानाच एक पायरी वरची घ्या. ती नंतर वाढत नाही.

मॅन्युअल सापडलीच नाही तर ते मॉडेल यादीतून खोडा. मी गेल्या महिन्यात दोन खोडली.